वरचा रुपया

सोमवारी यायचं मशीन बुधवार उजाडला तरी आलं नाही, तेव्हा ज्योत्स्ना आहेरनं हातातल्या पाटल्या काढून ठेवल्या. सासूबाईंनी विचारलं तर म्हणाली, “पीठ अडकतं त्यांत. पापड लाटताना त्रास होतो.” चोवीस वर्षं याच पाटल्या घालून ती पापड लाटत होती आणि चोवीस वर्षांत पीठ कधी अडकलं नव्हतं. पण लंकाबाईंनी नुसतं ‘हं’ केलं आणि पुढ्यातल्या सुपात मान घातली. पाटल्या मूळच्या त्यांच्याच. ज्योत्स्नाच्या लग्नात त्यांनी स्वतःच्या हातातून उतरवून सुनेच्या हातात चढवल्या होत्या.

त्या पाटल्या आता रुमालात बांधून पर्समध्ये होत्या आणि त्यांचं वजन किती भरतं, हे सराफ बाजारातल्या एका ओळखीच्या दुकानात सकाळीच विचारून झालं होतं. वजन बऱ्यापैकी होतं. बेचाळीस हजार सहज निघाले असते.

बेचाळीस हजार बचत गटाचे होते. गट आठ बायकांचा. हिरावाडीत एका बंगल्याच्या तळमजल्यावर भाड्याची खोली, वर वाळवणाला गच्ची, आणि संक्रांत सरली की नागलीचे पापड, कुरडया, शेवया यांना हात पुरत नाहीत अशी मागणी. मागणीला तोटा नव्हता, तोटा मनगटांना होता. हिराबाई पगारांचं उजवं मनगट मागच्या उन्हाळ्यापासून पट्ट्यात अडकलेलं, आणखी दोघींना रात्री शेक घेतल्याशिवाय झोप नाही. म्हणून ज्योत्स्नानंच विषय काढला, की आपण पापडाचं मशीन घेऊ. गटातल्या सगळ्यांत तरुण पूजानं फोनवर कोल्हापूरकडच्या ‘सुगरण यंत्र’ नावाच्या कारखान्याची वेबसाइट शोधून काढली. मशीन पीठ दाबतं, गोल कापतं, तासाला पाचशे पापड काढतं, असा व्हिडिओ सगळ्यांनी तीन-तीनदा पाहिला.

हिराबाईंनी तेवढा पाहिला नाही. “मी फोनवर बघून वांगी घेत नाही, तुम्ही मशीन घ्यायला निघाल्या,” त्या म्हणाल्या.

“माझ्यावर सोडा,” ज्योत्स्ना म्हणाली.

हे दोन शब्द माणसानं फार जपून वापरावेत. बोलताना छाती फुगते आणि नंतर त्याच छातीवर धोंडा येऊन बसतो. त्यात गटाचं खातं दोन सह्यांचं, त्यावरून फोननं पैसे जात नाहीत. म्हणून रक्कम चेकनं ज्योत्स्नाच्या खात्यात वळती केली होती. म्हणजे पैसे आठजणींचे, पण गेले ते एकटीच्या नावावरून.

पैसे शुक्रवारी संध्याकाळी पाठवले. वेबसाइटवर ऑर्डर नोंदवल्यावर खाली खाते क्रमांक आणि रक्कम आली होती. दोन दिवसांत पैसे भरले की मशीन सोमवारपर्यंत घरपोच, असं स्पष्ट लिहिलं होतं. ज्योत्स्ना सोफ्यावर बसून एकेक आकडा टिपत होती आणि शेजारी लंकाबाई माळ ओढत बसल्या होत्या. माळ ओढत असल्या तरी कान मोकळे असतात.

“किती टाकतेस?”

“बेचाळीस हजार, आई.”

“नुसते?”

ज्योत्स्नाला पुढचं ठाऊक होतं. लंकाबाई नामपूरच्या. नाशकात येऊन पंचेचाळीस वर्षं झाली, बोलणं पुष्कळ शहरी झालं, पण राग आला किंवा गहिवर आला की अजून तोंडातून अहिराणी निघते. आणि शून्यावर संपणारी रक्कम त्यांनी आयुष्यात कुणाला दिली नाही. आहेर एकशे एक, दक्षिणा एकावन्न, बैल घेतला तेव्हाही हजारांवर एक. शून्यावर पैसा दिला की व्यवहार तिथंच संपतो, वरचा रुपया म्हणजे पुढच्या भेटीचं बोलावणं, असं त्यांचं म्हणणं.

“नवी वस्तू घरात येणार. वर रुपया टाक,” त्या म्हणाल्या.

ज्योत्स्नानं टाकला. एका रुपयानं काय होतंय. शिवाय तिलाही मनातून ते बरंच वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. पैसे गेल्याचा मेसेज आला. खातं कुणा ‘मगदूम एस. बी.’ यांच्या नावावर होतं. कारखान्याचं नाव नव्हतं. तिच्या मनात क्षणभर काहीतरी टोचलं, पण तोवर पैसे गेले होते.

शनिवारी वेबसाइट म्हणाली, रक्कम येणे बाकी. ज्योत्स्नानं ठरवलं, बँकेला सुट्टी असेल. रविवारी रात्री मेसेज आला: मुदतीत रक्कम न मिळाल्यामुळे आपली ऑर्डर रद्द करण्यात आली आहे. तिच्या तोंडचं पाणी पळालं. दिलेला फोन लावला तर बंद. सोमवारी बंद. मंगळवारी दिवसभरात तिनं तो नंबर एकतीस वेळा फिरवला आणि एकतीसही वेळा तीच बाई, तेच वाक्य. पूजानं नेटवर शोधाशोध केली आणि पापडाच्या मशीनच्या नावाखाली फसवणूक झालेल्या कुणाकुणाच्या हकिगती तिला वाचून दाखवल्या. त्या भलत्याच वेबसाइटच्या होत्या, पण घाबरलेल्या माणसाला सगळ्या वाटा स्मशानाकडेच जाताना दिसतात.

नवरा गोरक्ष अंबडच्या कंपनीतून पहिली पाळी करून आला, त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, “चार दिवस काय वाट बघत बसलीस? लगेच फोन करायचा ना १९३० ला.” बोलणं खरं होतं आणि म्हणूनच तिला जास्त लागलं. बुधवारी सकाळी तिनं १९३० वर, सायबर फसवणुकीच्या त्या हेल्पलाइनवर, तक्रार नोंदवली. तक्रारीचा क्रमांक कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवला, आणि मग पाटल्या काढल्या.

गुरुवारी ती बँकेत गेली. शाखा रविवार कारंजाजवळ. आत गेल्यावर तीन खिडक्यांनी तिला एकमेकींकडे पाठवलं आणि चौथ्या टेबलाशी शाझिया पठाण नावाची तरुण अधिकारी भेटली. डोक्याला फिकट निळा रुमाल, टेबलावर फायलींचा ढीग, आणि त्या ढिगातही तिनं ज्योत्स्नाला आधी पाणी दिलं. पाण्याचा घोट घेताना ज्योत्स्नाला इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडू आलं. कुणी चांगलं वागलं की असं होतं.

“मॅडम, पैसे माझे असते तर मी घरी बसून रडले असते,” ती म्हणाली. “पण हे सात बायकांच्या मनगटांचे आहेत.”

“कागद दाखवा, काकू,” शाझिया म्हणाली. “ऑर्डरचा फोटो आणि पैसे गेल्याचा मेसेज, दोन्ही.”

शाझियानं दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. मग पेनचं टोक एका जागी टेकवलं.

“इथे बेचाळीस हजार मागितलेत. तुम्ही बेचाळीस हजार एक पाठवलेत. हा वरचा रुपया कशाचा?”

“शकुनाचा.”

शाझिया हसली नाही. “आमची अम्मीपण लग्नाच्या लिफाफ्यात वर एक रुपया घालते,” ती म्हणाली. “पण काकू, लिफाफा माणूस उघडतो. हे कॉम्प्युटर उघडतो. त्याला सांगितलेलं असतं, बेचाळीस हजार आले की ऑर्डर पक्की कर. बेचाळीस हजार एक आले की त्याला वाटतं, हे दुसऱ्याच कुणाचे. तो बाजूला ठेवतो आणि तुमच्या नावापुढे लिहितो, पैसे आले नाहीत.”

ज्योत्स्नाला हे कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा तिनं विचारलं, “मग फोन का बंद?”

“ते मला नाही सांगता येणार. पण एक सांगते.” शाझियानं संगणकावर काहीतरी उघडून वाचलं. “तुमच्या तक्रारीवरून समोरच्या बँकेनं ते खातं कालच अडवलंय. तुमची रक्कम तिथंच आहे. शुक्रवारी आली, बुधवारपर्यंत कुणी हात लावला नाही. चोर असा पैशाजवळ बसून राहत नाही, काकू. दहा मिनिटांत चार खात्यांत पांगवतो. मी खात्रीनं बोलत नाही हं. पण मला हा चोर वाटत नाही.”

रक्कम तिथंच आहे, एवढं वाक्य ज्योत्स्नाच्या कानात शिरलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. तिनं अर्ज लिहिला, सही केली, आणि बाहेर येऊन कारंजापाशी उभ्या उभ्या उसाच्या रसाचे दोन ग्लास प्यायली. एवढ्या दिवसांत तिला गोड लागलेली ती पहिली गोष्ट.

दुसऱ्या ग्लासाच्या तळाशी मात्र तिला दुसरी गोष्ट आठवली. रुपया कुणी टाकायला लावला होता?

घरापर्यंतच्या रिक्षेत तिनं ठरवून टाकलं. लंकाबाई पंच्याहत्तरीच्या. तीस वर्षं भाजीचा गाळा त्यांनी एकटीनं चालवला, बाजारात भल्याभल्या अडत्यांना तोंडावर सुनावलं, आणि आता गुडघे गेल्यावर गटाच्या खोलीत बसून फुकट नागली निवडून देत होत्या. तेवढीच त्यांची बाहेर जायची जागा. तिथल्या बायकांपुढे त्यांच्या शकुनानं घात केला, हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

संध्याकाळी सगळ्या खोलीत जमल्या. ज्योत्स्नानं उभं राहूनच सांगितलं, “पैसे गेलेले नाहीत. बँकेनं अडवून ठेवलेत. चूक माझी झाली. रक्कम टाकताना माझ्या हातून एक रुपया जास्त पडला, म्हणून त्यांच्याकडे जमा दिसली नाही.”

पूजानं देवाला हात जोडले. हिराबाईंनी पट्ट्यातला हात दुसऱ्या हातावर ठेवला. “बेचाळीसच्या पुढची शून्यं मोजायची होती फक्त. दहावी पास ना गं तू? आणि म्हणे, माझ्यावर सोडा.”

कुणी हसलं, कुणी हिराबाईंना गप्प केलं. ज्योत्स्ना खाली मान घालून ऐकत राहिली. कोपऱ्यात लंकाबाईंचा नागलीतला हात थांबला होता. त्यांनी सुनेकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि परत मिटलं. अडत्यांना न भ्यालेली बाई त्या संध्याकाळी एक वाक्य बोलू शकली नाही. रात्री त्यांनी भाकरी अर्धीच खाल्ली, शुक्रवारी तीही नाही. विचारलं की म्हणायच्या, भूक नाही.

शनिवारी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. ज्योत्स्ना गच्चीवर कुरडया उलटत होती.

“ज्योत्स्ना आहेर का तुमी?” आवाज चढलेला होता. “मी सोमनाथ मगदूम. सुगरण यंत्रवाला. तुमी मला चोर केलासा की ओ.”

तिच्या हातातली कुरडई पडली.

तो माणूस बराच वेळ बोलत होता आणि तिला मध्ये बोलायला जागा नव्हती. गेल्या शुक्रवारी त्याचा फोन कारखान्यात लेथच्या तेलात पडला. दुरुस्तीवाल्यानं आज देतो, उद्या देतो म्हणत आठवडा घालवला. तोच फोन वेबसाइटवर, त्याच फोनवर बँकेचे मेसेज. तो निवांत होता, की मशीनं तर बनतच आहेत. आज शनिवार, कामगारांचा पगार. बँकेत पैसे काढायला गेला तर खात्यावर बंदी. शाखेतली माणसं त्याच्याकडे अशा नजरेनं बघायला लागली, की त्याला त्या दारातून बाहेर कसं पडावं कळेना.

“पाच मान्सं हाईत माझ्याकडं. त्यास्नी काय सांगू? नाशिकच्या एका बाईनं मला चोर म्हटलंय म्हनून पगार न्हाई?”

ज्योत्स्ना टाकीच्या कठड्यावर बसली. आतापर्यंत या गोष्टीत बुडालेल्या बायका आठच होत्या. त्यांच्यापलीकडे कोल्हापूरकडे आणखी पाच घरं आहेत आणि तिथं आज पगार गेला नाही, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. तिला फार वाईट वाटलं.

“दादा, माझं चुकलं,” ती म्हणाली. “पण तुमचा फोन मी एकतीस वेळा लावला होता.”

पलीकडचा आवाज जरा खाली आला. “एकतीस?”

“मोजलेत. पैसे गटाचे आहेत, दादा. माझ्या एकटीचे असते तर मी आणखी थांबले असते.”

“न्हाई, थांबायचं नव्हतंच. तुमच्या जागी माझी आई असती तर तिनं कोल्हापूर गाठून माझी गचांडी धरली असती.” त्यानं मोठा श्वास घेतला. “पन ताई, एक सांगा. वर एक रुपया कशापायी? तिथंच सगळा घोळ झालाय बगा. माझा कॉम्प्युटर त्यो आकडा खातच न्हाई.”

जिन्यात पावलं वाजली. लंकाबाई एकेक पायरी चढत गच्चीच्या दारापर्यंत आल्या होत्या, गुडघा धरून. फोनचा आवाज मोठा होता, त्यांना सगळं ऐकू येत होतं. ज्योत्स्नानं त्यांच्याकडे पाठ केली.

“आमच्यात शून्यावर पैसे देत नाहीत,” ती म्हणाली.

पलीकडचा माणूस हसायला लागला. आधी थोडं, मग खूप. “अवो, आमच्यातबी न्हाई देत. माझी आई चप्पल घ्यायला गेली तरी रुपया वर देती. पंधरा हजार खर्चून वेबसाइट केली आनि त्या पोराला एवढं सांगायचं मीच इसरलो.”

त्या दिवशी त्यानं कामगारांचा पगार मेव्हण्याकडून उसना आणून केला. सोमवारी दहाच्या ठोक्याला ज्योत्स्ना शाझियाच्या टेबलासमोर हजर होती. तक्रार गैरसमजातून झाली, समोरचा माणूस प्रामाणिक आहे, असं तिनं स्वतःच्या हातानं लिहून दिलं. गुरुवारच्या अर्जापेक्षा हा अर्ज लिहिताना तिचं अक्षर जास्त सुरेख आलं. शाझियानं तो पुढे कुठे कुठे पाठवायचा ते सांगितलं, पोलिसांच्या सायबर कार्यालयातही एक चक्कर झाली, आणि दोन दिवसांनी मगदूमांचं खातं मोकळं झालं.

ज्योत्स्नानं त्यांना आधीच सांगितलं होतं, की मशीनच पाठवा, पैसे राहू द्या. त्यांनी ऐकलं नाही. “आदी तुमचे पैसे तुमच्या हातात. मग घ्यायचं तर घ्या, न्हाई तर न्हाई. चोर म्हटलेल्या मानसाकडनं मशीन घ्यायचं का, हे आठजनी बसून ठरवा.”

गुरुवारी सकाळी, चहा गाळताना, तिच्या फोनवर मेसेज आला. बेचाळीस हजार एक रुपये जमा. चहा गाळणीतून ओट्यावर सांडला आणि तिनं तो पुसलासुद्धा नाही. ती तशीच बाहेरच्या खोलीत गेली.

“आई, आले. सगळे आले. घोडं गंगेत न्हालं एकदाचं.”

लंकाबाईंनी डोळे मिटून हातातली माळ कपाळाला लावली. मग म्हणाल्या, “चहा दे. आणि भाकरी शे का रातची? भूक लागेल शे माले.”

त्यांनी दीड भाकरी खाल्ली. ज्योत्स्ना समोर बसून ती बघत राहिली. पैसे आल्याइतकंच तिला तेही बरं वाटलं.

संध्याकाळी खोलीत सभा. परत मगदूमांकडेच मशीन मागवायचं का, एवढाच प्रश्न होता. तसा तो सुटलेलाच होता, कारण पैसे परत करणारा माणूस बाजारात शोधून सापडत नाही. पण हिराबाई सहजी हो म्हणतील तर त्या हिराबाई कसल्या?

“माणूस चांगला असेल, माझं म्हणणं नाही. पण पैसे या वेळी पूजानं पाठवावेत,” त्या म्हणाल्या. “ज्योत्स्नाचा हात आकड्याला चुकतो. दुधानं तोंड पोळलंय, आता ताक फुंकून प्यायचं.”

दोघीतिघींनी मान हलवली. ज्योत्स्ना म्हणाली, “पाठवू दे की पूजाला. माझी ना नाही.”

ती हसत म्हणाली, पण ते हसू ओढूनताणून आणलेलं आहे, हे सगळ्यांना कळलं. अकरा वर्षं गटाचा हिशोब तिच्याकडे होता आणि एक पैसा कधी इकडचा तिकडे झाला नव्हता.

“थांबा,” कोपऱ्यातून आवाज आला.

लंकाबाईंनी सूप बाजूला सारलं. भिंतीचा आधार घेत त्या उभ्या राहिल्या. बसल्या जागेवरून बोलल्या असत्या तरी चाललं असतं, पण त्या उभ्या राहिल्या.

“आकडा तिना नही चुकना,” त्या म्हणाल्या. “रुपया मी टाकाले लावा. ती नुसते बेचाळीस टाकत होती. मी सांगितलं, शून्यावर देऊ नको. तिनं आठ दिवस तुमचं बोलणं खाल्लं, पण माझं नाव काढलं नाही. आणि मी इथंच बसेल होते. मला बोलायला तोंड झालं नाही.”

ज्योत्स्ना उठून लंकाबाईंजवळ गेली, पण त्यांनी तिला हातानंच थोपवलं, बोलणं पुरतं व्हायचं होतं.

“हिरा, काय बोलायचं ते मला बोल.”

पट्ट्यातला हात सावरत हिराबाई उठल्या, लंकाबाईंना धरून परत खाली बसवलं आणि स्वतः शेजारी टेकल्या. “मावशी, मीसुद्धा वर रुपया टाकला असता,” त्या म्हणाल्या. “मला तर मेला फोनच लावता येत नाही, म्हणून वाचले.” मग ज्योत्स्नाकडे वळून म्हणाल्या, “पाठव तूच. आणि माझं बोलणं मनावर घेऊ नको, तोंड मेलं चालूच राहतं.”

ज्योत्स्नानं फोन काढला. सगळ्याजणी तिच्याभोवती दाटीनं बसल्या. ऑर्डर नोंदवली, रक्कम आली, तिनं एकेक आकडा मोठ्यानं म्हणत टाकला. शेवटच्या शून्याला तिचा अंगठा थांबला. तिनं सासूबाईंकडे पाहिलं.

लंकाबाईंनी पदराची गाठ सोडली. आतून एक रुपयाचं नाणं काढलं आणि फोनच्या शेजारी जमिनीवर ठेवलं.

“बेचाळीस तिकडं जाऊ दे,” त्या म्हणाल्या. “रुपया इथं राहू दे. मशीन आलं की त्याच्यावर ठेवू.”

ज्योत्स्नानं बटण दाबलं. चहाचं आधण यायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. मेसेज आला: रक्कम मिळाली, ऑर्डर पक्की. पाठोपाठ मगदूमांचाच फोन. “ताई, या टायमाला रुपया न्हाई? चुकल्यासारखं वाटलं ओ.” सगळ्या बायका इतक्या हसल्या, की वरच्या मजल्यावरचे मालक जिन्यात येऊन बघून गेले.

घरी परतताना लंकाबाई सुनेच्या दंडाला धरून हळूहळू चालत होत्या. गल्लीच्या वळणावर त्या थांबल्या.

“तू का नही सांगं तवाच? माझं नाव घेतलं असतं तर हिराच्या जिभेखालून सुटली असतीस.”

“तुम्ही माझ्यासाठी शकुन केला होता, आई,” ज्योत्स्ना म्हणाली. “तो चूक म्हणून कसा सांगू?”

दंडावरची लंकाबाईंची पकड घट्ट झाली. दारात आल्यावर कुलूप काढता काढता ज्योत्स्नाच्या पर्समधला रुमाल किल्ल्यांबरोबर बाहेर आला आणि त्यातलं सोनं पायरीवर वाजलं. ती घाईनं वाकली, पण म्हाताऱ्या नजरेला जे बघायचं ते आधीच बघून झालेलं होतं. बहुधा पाटल्या उतरल्या त्या बुधवारीच.

“घाल त्या हातात,” लंकाबाई चपला काढत म्हणाल्या. “आता मशीन येतंय. पीठ अडकायचं नही.”